अंगदच्या नावावरच्या अडतीस फायली

चकलांब्याच्या अंगदला कुणी चहा पाजला तर तो आधी मनाशी विचारायचा, हा चहा कशापायी? यात त्याचा दोष नव्हता. बारा वर्षं त्यानं गावातल्या केबलवाल्या त्रिंबकच्या तारा ओढल्या होत्या. "आमच्यात टीव्हीच न्हाई" म्हणणाऱ्या घरातून संध्याकाळी सासू-सुनेचं भांडण ऐकू यायचं, आणि ते भांडण घरातलं नसायचं. मग अंगद खांबापासून निघायचा, तार धरून लिंबावर, लिंबावरून गोठ्यावर, आणि गोठ्याच्या पत्र्याखाली टाचणी टोचून घेतलेला चोरटा जोड शोधून काढायचा. घरमालक पोराबाळांच्या शपथा घेत असताना हा ती टाचणी त्याच्या तळहातावर ठेवायचा आणि निघून जायचा. गावात त्याला कुणी जीव लावला नाही, पण त्याच्यासमोर खोटं बोलायला लोक कचरायचे. तेवढ्यावर तो खूष होता.

पुढं छपरांवर डिशच्या छत्र्या आल्या, मग ज्याच्या त्याच्या हातात फोन आला, आणि त्रिंबकच्या तारांवर बायका कपडे वाळत घालायला लागल्या. चौतिसाव्या वर्षी अंगदकडे एक पक्कड, एक शिडी आणि सगळ्या जगाबद्दलचा संशय एवढंच उरलं.

त्याच सुमारास गेवराईत हायवेला, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावरच्या मजल्यावर, विजयसिंहनं 'जागतिक दर्जाचे डिजिटल केंद्र' उघडलं. विजयसिंहचं घर म्हणजे तीन पिढ्यांची पुढारकी आणि नदीकाठची काळीभोर जमीन. अशा घरातला माणूस लोकांच्या भल्यासाठी काही करतोय म्हटल्यावर अंगदनं आधी फ्लेक्स निरखून पाहिला. फ्लेक्सवर विजयसिंहचे तीन फोटो होते, कॉम्प्युटरचा एक. आत मात्र खरोखरच चौदा खुर्च्या होत्या आणि काम खरं होतं. अंगद गेला, "मला तारा बी कळत्यात आन माणसं बी" म्हणाला, आणि कामाला लागला.

काम असं, की घरबसल्या फोनवर मालिका दाखवणाऱ्या ज्या बड्या परदेशी कंपन्या आहेत, त्यांची मालिका एकाच दिवशी शंभर देशांत लागते. ती लागायच्या महिनाभर आधी कुणीतरी तिच्याखाली मराठी-हिंदी ओळी लिहायच्या असतात, ओळ बोलणाऱ्याच्या तोंडाशी जुळवायची असते, दारू कुठं, रक्त कुठं, याच्या खुणा करायच्या असतात. हैदराबादची एक मधली कंपनी हे काम गेवराईला धाडायची. बर्फात राहणाऱ्या माणसांची रडारड गेवराईच्या पोरी मराठीत लिहायच्या आणि खाली हायवेवरून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जायचे.

अंगदला भाषेतलं काही कळत नव्हतं. त्याचं काम फायली सांभाळण्याचं. तेव्हा सगळा सावळा गोंधळ होता. चित्र एका दुव्यावरून यायचं, दुरुस्त्या व्हॉट्सअॅपवर, तारखा एका तक्त्यात, आणि कुठल्या देशासाठी कुठला प्रसंग कापायचा हे भलत्याच तक्त्यात. एकाच भागाच्या पाच फायली असायच्या: 'अंतिम', 'अंतिम दोन', 'खरी अंतिम', 'हीच घ्या' आणि 'ती नको ही'. यातली खरी कुठली, हे चौदा जणांत फक्त अंगदला माहीत असायचं. एकदा आखाती देशांसाठी दारूचा प्रसंग कापलेली प्रत होती आणि ओळी मात्र न कापलेल्या प्रतीच्या निघाल्या होत्या. तिथून पुढं नवरा बोलायचा तेव्हा खाली बायकोचं वाक्य आलं असतं. फाईल निघायच्या दहा मिनिटं आधी अंगदनं ती पकडली. तेव्हापासून दारापाशी त्याची खुर्ची, मागं खऱ्या फायलींची नावं लिहायला पांढरा फळा, आणि "अंगदभाऊ, खरी कंची?" हा दिवसभराचा पुकारा.

या मोठेपणात त्यानं एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती.

चकलांब्यात अमावस्येला नवं कनेक्शन कुणी घ्यायचं नाही. मग त्रिंबक आदल्या दिवशी माणूस पाठवायचा आणि तारेचं टोक त्या घराच्या खांबाला नुसतं बांधून ठेवायचा. काम कालच सुरू झालं, आज फक्त पुढं चाललंय. याला ते 'हात लावून ठेवणं' म्हणायचे. गेवराईत लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात एक नवी मालिका नेमकी अमावस्येला सुरू झाली आणि तिच्या बाराच्या बारा भागांत ओळी एकेक खाली घसरल्या. तीन दिवस सगळ्यांनी केलेलंच काम पुन्हा केलं. अंगदनं तेवढं कॅलेंडर बघून ठेवलं. पुढच्या अमावस्येच्या आदल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी सुरू व्हायच्या सगळ्या फायली त्यानं एकेक करून उघडल्या, दहा सेकंद चित्र हलू दिलं आणि बंद केल्या. हात लावून ठेवला. मग दर महिन्याला.

सांगायची सोय नव्हती. कारण हाच अंगद चकलांब्याच्या चौकात एका बाबाच्या वाहिनीची तार कापून ओरडला होता, "बाबा खरा असंल तर तारेवाचून दिसंल!" केंद्रातल्या पोरींनी हातात काळा दोरा बांधला तरी हा टोमणे मारायचा. अशा माणसानं अमावस्या पाळावी? पाळली तर पाळली, पण कबूल करावी?

जूनमध्ये हैदराबादहून मल्लिकार्जुन आला. मूळचा परळीचा, बापाचं तिथं कापडाचं दुकान, पोरगा शिकून कंपनीत वर चढलेला. त्यानं एक नवी प्रणाली आणली होती. आता दुवे नाहीत, तक्ते नाहीत. प्रत्येक भागाचं पडद्यावर एक कार्ड. कार्ड 'आलं' या खान्यातून 'भाषांतर'मध्ये, तिथून 'जुळवणी', 'तपासणी', 'रवाना'. कुठल्या देशाला कुठली प्रत, ते कार्डावरच. खरी फाईल एकच, बाकीच्या आपोआप बाद.

पोरी टाळ्या वाजवायच्या बेतात होत्या. अंगद हाताची घडी घालून मागं उभा.

"अप्पा," तो मल्लिकार्जुनला म्हणाला, "खरी फाईल हा पडदाच सांगनार. मग मी कावून पायजे?"

"तुमी कार्ड फुडं ढकलायचं, अंगदभाऊ."

"ढकलायला मानूस कशाला? जरा उतार द्या, आपोआप घरंगळंल."

पोरी हसल्या. मल्लिकार्जुनही हसला. अंगद हसला नाही. त्यानं वाकून पडद्याच्या तळाशी बोट ठेवलं. "हे बारीक काय लिव्हलंय? अंगद, नऊ वाजून चार मिन्टं?"

"नोंद हाय. कोनी कवा काय उघडलं ती."

"म्हंजे पाळत."

"नोंद, हो."

"आमच्या गावात तिला पाळतच म्हनतेत."

पुसलेला पांढरा फळा त्या दिवसापासून रिकामाच राहिला. अंगद कार्ड ढकलत राहिला आणि रोज सकाळी पडदा उघडताना बघत राहिला, आज आपली खुर्ची गेली का. एवढी पाळत असते हे समोर दिसत असूनही महिन्यातून एकदा त्यानं हात लावून ठेवणं काही सोडलं नाही. आपण काय पळवतोय थोडंच, असं त्याला वाटलं. दुसऱ्यांच्या तारा धुंडाळणाऱ्याला आपलीही तार कुणी धुंडाळील हे सुचलं नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बर्फातल्या त्या मालिकेचा शेवटचा भाग, लागायच्या नऊ दिवस आधी, लोकांच्या फोनवर फिरायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रातल्या चौदाही पडद्यांवर कार्डांना कुलुपं दिसली. खाली एकच ओळ: चौकशी पूर्ण होईपर्यंत काम थांबवण्यात येत आहे.

विजयसिंहनं अंगदला आत बोलावलं, दार लोटलं आणि चहा मागवला. चहा मागवला तिथंच अंगदच्या मनात पाल चुकचुकली.

"तुझ्या नावावर काय तरी निघालंय म्हनं. मी काय इचारत न्हाई. तू एक राजीनामा दे. म्हंजे कंपनीचा राग शांत व्हईल आन बाकी तेरा जनांचं काम वाचंल."

"मी काय केलंय, भैय्या?"

"केलंय म्हनलोच न्हाई मी."

"मग राजीनामा कशाचा?"

"लेका, तुझ्या भल्याचं सांगतोय."

भल्याचं म्हटल्यावर अंगद चहा तसाच ठेवून उठला. या माणसाला एवढी घाई का? राजीनामा दिला की कागदावर चोर कोण ते कायमचं ठरलं. चकलांब्यात, जिथं त्यानं घरोघरी टाचण्या काढून दाखवल्या होत्या, तिथं लोक काय म्हणतील ते त्याला आत्ताच ऐकू यायला लागलं. तो ठरवूनच बाहेर आला: आपण चोर शोधायचा. तार धरून निघायचं.

आणि तो चुकीची तार धरून निघाला.

वैष्णवी त्याच्याच गावची. बी.एस्सी. झालेली, बर्फातल्या मालिकेच्या ओळी तीच लिहायची. फोन कपाटात ठेवायचा नियम होता, पण ती दिवसातून चार-पाच वेळा फोन घेऊन जिन्यात जायची, भिंतीकडं तोंड करून काहीतरी पुटपुटायची आणि परत यायची. अंगदनं हे तीन महिन्यांपासून हेरून ठेवलं होतं. आता त्याला सगळं जुळलं. जुळलं की त्याचं डोकं तापायचं आणि तापलं की तोंड सुटायचं.

"वैष्णवे, फोन दाखव."

"काऊन?"

"जिन्यात जाऊन काय धाडती, ते बघायचंय. आपल्या मालिका बाहेर कश्या जातेत ते कळू दे सगळ्यास्नी."

खोलीतल्या खुर्च्या वळल्या. वैष्णवीचं तोंड आधी पांढरं पडलं, मग लाल. तिनं कपाट उघडलं, फोन काढला, आवाज पूर्ण वाढवला आणि एकेक निरोप वाजवायला लागली. सगळे तिच्या आईला, सावित्रीबाईला. "आई, मासे वाळत घालायच्या मांडवाला काय म्हनावं?" "आई, नवऱ्यानं तोंड फिरवलं तर बाई रागात काय म्हनंल, चार लोकांत?" आणि सावित्रीबाईचं उत्तर, "चार लोकांत काय बी म्हननार न्हाई बाई, घरी आल्यावर भाकर आदळंल." कुणीतरी फिसकन हसलं. वैष्णवी हसली नाही.

"झालं समाधान? नियम मोडला मी, कबूल. पन अंगदभाऊ, एकाच आळीत राहतो आपन. भर खोलीत चोर म्हनला मला. आज घरी जाऊन आईला काय सांगू? तुमच्या नावावर किती फायली हायेत, ते मी इचारलं का?"

अंगद खिडकीपाशी गेला. कोंडीत सापडला की तो खिडकीतून हायवे बघायचा.

दोन दिवसांनी मल्लिकार्जुन आला. या वेळी हसरा नव्हता. विजयसिंहच्या खोलीत त्यानं छापील नोंद टेबलावर पसरली. दार उघडंच होतं आणि बाहेरच्या खुर्च्यांवर काम नसल्यानं सगळ्यांचे कान आत होते.

"तेवीस जुलै. सकाळी अंगदच्या नावानं एकोणतीस फायली उघडल्या. एकेक दहा सेकंद. एकवीस आगष्ट, एकतीस फायली. वीस सप्टेंबर, चव्वेचाळीस. एकोनीस नोव्हेंबर, नऊ ते नऊ सात, अडतीस. त्या अडतिसातलाच भाग फुटला. अंगदभाऊ, तुमचं काम कार्ड ढकलायचं. उघडून बघायचं न्हाई. मग हे काय हाय?"

"दहा सेकंदात काय चोरतो मानूस?"

"नमुना. चोरून इकनारे आधी नमुना धाडतेत."

"मी कुनाला काय धाडलं न्हाई."

"मग कावून उघडल्या, येवढंच सांगा. ह्या रकान्यात मला कारन लिहायचं हाय. कारन न्हाई लिहिलं तर गेवराईचं काम बंद."

विजयसिंहनं कोरा कागद पुढं सरकवला. "राजीनामाच लिही, अंगद. इषय संपला."

अंगदच्या कपाळावर घाम आला. कारण तर जिभेवर होतं. पण दारापलीकडं तेरा जण होते, आणि त्यातल्या प्रत्येकाला त्यानं कधी ना कधी दोऱ्यावरून, अंगाऱ्यावरून, लिंबू-मिरचीवरून बोललेलं होतं. चोर ठरलो तर लोक घाबरून तरी राहतील. येडा ठरलो तर हसतील. क्षणभर त्याला खरंच चोर ठरलेलं बरं वाटलं. मग त्याची नजर दारातल्या वैष्णवीवर गेली. तिनं आईचे निरोप भर खोलीत वाजवून दाखवले होते, तेव्हा तिलाही लाज वाटलीच असेल.

"अमावस्या," तो म्हणाला.

"काय?"

"दुसऱ्या दिवशी अमावस्या व्हती. चारी येळा. अमावस्येला नवं काम सुरू करायचं न्हाई, म्हनून आदल्या दिवशी हात लावून ठेवतो मी. सगळ्या फायलीस्नी. घ्या, लिहा तुमच्या रकान्यात."

बाहेर कुणीतरी खोकला दाबला. मल्लिकार्जुन हसला नाही. त्यानं भिंतीवरचं ट्रॅक्टरवाल्याचं कॅलेंडर काढलं आणि एकेक पान उलटत बोट टेकवत गेला. जुलै जुळला. ऑगस्ट, पोळ्याचा आदला दिवस, जुळला. सप्टेंबर, सर्वपित्रीचा आदला, जुळला. नोव्हेंबर जुळला. मग बोट मागं आलं.

"ऑक्टोबरात एक बी फाईल न्हाई."

"बघा!" विजयसिंह म्हणाला. "तिथंच सापडला."

अंगदचा ताबा सुटला. "काय सापडला, भैय्या? ऑक्टोबरची अमावस्या कंची? लक्ष्मीपूजन! त्या दिशी तुमच्या घरी तिजोरी पुजतेत का तिला कुलूप लावून गावाला जातेत? त्या दिशी नवं काम सुरू केलं तर चांगलंच की. तिला कशाला हात लावून ठेवू?"

मल्लिकार्जुननं हातातलं कॅलेंडर खाली ठेवलं. परळीच्या दुकानात त्याचा बाप वर्षातल्या बाकी साऱ्या अमावस्यांना नवं कापड फोडायचा नाही, आणि त्या एका अमावस्येला मात्र पहिला तागा फोडायचा. असं खोटं ऐनवेळी कुणाला रचता आलं नसतं. त्यानं नोंदीतला रिकामा रकाना भरला आणि म्हणाला, "पटलं मला. पन आता ते बंद करा. फुडच्या म्हैन्यापासून तारखेच्या आधी कार्ड उघडनारच न्हाई, तशी सोय करतोय."

"मग अमावस्येला आलेलं काम?"

"अमावस्येलाच सुरू व्हईल."

इथं दुसरा कुणी असता तर सुटलो म्हणून उठला असता. अंगदला मात्र मल्लिकार्जुनचं इतक्या सहज पटणं खटकलं. चोरी शोधायला आलेला माणूस चोर न सापडता इतका निवांत कसा?

"अप्पा, एक सांगा. शेजारच्या गावचा केबलवाला आमचं चित्र चोरून दाखवायचा, तवा आमी कोपऱ्यात एक बारीक ठिपका टाकलाता. ठिपका दिसला की चोर सापडला. तुमची येवढी मोठी कंपनी. तुमच्या चित्रात खूण न्हाई व्हय?"

मल्लिकार्जुननं कागद गोळा करायला घेतले.

"हाय का न्हाई?"

"हाय. डोळ्याला दिसत न्हाई, पन परतेक केंद्राच्या प्रतीत येगळी."

"मग फुटलेल्या प्रतीत कुनाची व्हती?"

"गेवराईची न्हवती."

"हे कवा कळलं?"

"पहिल्याच दिशी." त्याचा आवाज खाली गेला. "पन तुमच्या नोंदी बिनकारनाच्या निघाल्या ना. त्या मिटवल्याबिगर कुलूप काढता येत नव्हतं."

म्हणजे कंपनीला ठाऊक होतं. चौदा माणसं हातावर हात धरून बसली होती, एक जण राजीनाम्याच्या कागदापुढं घाम पुसत होता, आणि ज्यांच्या हातात खरं होतं ते रकाना भरायची वाट बघत होते. अंगद खुर्ची ओढून पुन्हा बसला.

"लिहून द्या."

"काय?"

"अंगदनं चोरी केली न्हाई, असं लिहून द्या. मराठीत. बाहेर भिंतीवर लावायला."

"पत्र-बित्र कशाला?" विजयसिंह म्हणाला. "काम सुरू व्हतंय ना बे?"

"तुमी राजीनामा लिहायला कोरा कागद आनलाच व्हता, भैय्या. त्यावरच लिहू द्या."

मल्लिकार्जुननं लिहिलं: 'गेवराई केंद्राबाबत सध्या आक्षेपार्ह काही आढळले नाही.' अंगदनं ते वाचलं आणि परत सरकवलं. "सध्या? फुडच्या म्हैन्यात आढळायची सोय ठेवली व्हय? आन केंद्रावर कुनी बोट दाखवलंतं? बोट माझ्याकडं व्हतं. माझं नाव घाला." दुसऱ्या कागदावर नाव आलं, चोरी केलेली नाही हे आलं. कंपनीला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे वाक्य लिहिताना मल्लिकार्जुनचा हात थांबला.

"माझी नोकरी जाईल, अंगदभाऊ."

"माझी चाललीती, तवा नव्हता हात थांबला."

त्यानं लिहिलं. सही केली. बॅग उचलून बाहेर गेला आणि जिना उतरताना कुणाकडं बघितलं नाही.

तासाभरात कार्डांची कुलुपं निघाली. अंगदनं पत्र फळ्यावर चिकटवलं, मागं सरकला, पुन्हा पुढं होऊन चारी कोपरे दाबले. त्याला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलेल. शेवटी बोलली ती वैष्णवी.

"आन माझं?"

"तुझं काय?"

"माझं पत्र. मला बी भर खोलीत चोर म्हनलंतं कुनीतरी. कंपनीनं तुमाला लिहून दिलं. मला कोन देनार?"

अंगदनं नेहमीप्रमाणं खिडकीकडं बघितलं. पण खिडकीजवळ तीच उभी होती. त्यानं कागद घेतला, पेन घेतलं, आणि बऱ्याच वेळानं एक ओळ लिहिली: 'वैष्णवीबद्दल माझा गैरसमज झाला होता.'

तिनं वाचून परत केला. "गैरसमज आपोआप व्हत नसतो, अंगदभाऊ. तुमी आळ घेतला. चौदा जनांत घेतला. ते लिहा. आन खोटा व्हता, ते बी लिहा."

सगळे आपापल्या पडद्याकडं बघत काम करत असल्यासारखं करत होते. अंगदनं कान तापलेले असताना दुसरा कागद घेतला. आळ लिहिला, चौदा जणांत लिहिला, खोटा लिहिला. खाली पूर्ण नाव घालून सही केली आणि तिच्या हातात दिला.

वैष्णवी खिडकीच्या उजेडाला गेली आणि पहिल्या शब्दापासून, एकेका शब्दावर शंका घेत वाचायला लागली. अंगद उभाच राहिला.